नामदेव ते नामदेव : एक सोयीची रेषा

चंदीगड हे शहर नावांपेक्षा आकड्यांवर अधिक चालते. सेक्टरला क्रमांक, घरालाही क्रमांक; आणि एका सेक्टरातला घर-क्रमांक दुसऱ्या सेक्टरातही सापडतो. म्हणून नुसता घर-क्रमांक सांगणाऱ्या पाहुण्याला रिक्षावाला आधी सेक्टर विचारतो. काही वर्षांपूर्वी व्याख्यानाच्या निमित्ताने मी तेथे गेलो असताना एका ग्रंथालयातील मराठी पुस्तकांचे लहानसे कपाट पाहण्याचा योग आला. पुस्तके लेखकांच्या पहिल्या नावाने लावलेली होती. 'नामदेव' या एका नावाखाली संत नामदेवांच्या अभंगांची निवड, नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा', नामदेव कांबळे यांची 'राघववेळ' ही कादंबरी आणि नामदेव व्हटकरांचा तमाशावरील ग्रंथ अशी चार पुस्तके एकमेकांना टेकून उभी होती. ग्रंथपालांना कारण विचारले, तेव्हा ते हसून म्हणाले, "सर, आमच्याकडचे निम्मे लेखक 'सिंह' आहेत. आडनाव घेऊन आम्ही काय करू?"

उत्तर बिनतोड होते. गुरदियाल सिंह यांची कादंबरी 'सिंह' या शब्दाखाली शोधू पाहणारा वाचक पंजाबात हरवेल. तेथे माणसाचे स्वतःचे नाव हीच त्याची खरी खूण. तो नियम मराठी कपाटाला लागू झाला आणि सात शतकांचे अंतर चार बोटांवर आले. माझी तक्रार त्या ग्रंथालयाविषयी नाही. त्या कपाटात जे सोयीसाठी घडले, तेच आमच्या समीक्षेत सिद्धान्त म्हणून घडत आले आहे. माझी तक्रार त्याविषयी आहे.

'संत नामदेव ते नामदेव ढसाळ' ही रेषा आता मराठी चर्चासत्रांत इतकी रुळली आहे, की ती कोणी आणि कोणत्या पुराव्यावर आखली, असे विचारण्याचेही कोणाला सुचत नाही. पहिला जातीने शिंपी, दुसरा दलित. पहिल्याने संस्कृतची मिरास नाकारून लोकभाषेत गायिले, दुसऱ्याने पांढरपेशी मराठीची मिरास नाकारून कामाठीपुऱ्याच्या बोलीत लिहिले. म्हणून दुसरा पहिल्याचा वारस. त्याच कपाटापाशी भेटलेल्या एका पंजाबी संशोधक विद्यार्थिनीने मला विचारले, "भगत नामदेवांची परंपरा ढसाळांपर्यंत येते, असे तुमचेच लोक लिहितात. ती कोणत्या मार्गाने येते?" तिने ढसाळ वाचले होते ते दिलीप चित्रे यांच्या २००७ सालच्या इंग्रजी अनुवादातून आणि भगत नामदेव ऐकले होते ते लहानपणापासून गुरुद्वाऱ्यात. दोन्ही आवाज तिच्या कानात होते. त्यांच्यामधला मार्ग मात्र तिला सापडत नव्हता, आणि तो मलाही दाखवता आला नाही.

हा मार्ग सापडत नाही, कारण येथे 'नाव' हा एकच शब्द आपण तीन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो.

पहिली गोष्ट नाममुद्रेची. अभंगाच्या अखेरीस येणारे 'नामा म्हणे' हे आजच्या अर्थाने लेखकाचे नाव नव्हे. संत नामदेवांचा परंपरामान्य काळ इ. स. १२७० ते १३५०. त्यानंतर सुमारे दोन शतकांनी एकनाथांच्या काळात महाभारत ओवीबद्ध करणारा विष्णुदास नामा होऊन गेला. संत नामदेवही स्वतःला 'विष्णुदास नामा' म्हणवीत असल्यामुळे कोणती रचना कोणाची, हा वाद आमच्या वाङ्मयेतिहासकारांना पुष्कळ काळ पुरला. महाराष्ट्र शासनाने १९७० साली प्रसिद्ध केलेली नामदेव गाथा हाती घेतली तरी या मुद्रेखाली किती हात लिहिते झाले असतील, याची शंका येत राहते. पंजाबात हाच प्रश्न वेगळ्या रूपाने उभा आहे. १६०४ साली गुरू अर्जनदेवांनी सिद्ध केलेल्या आदिग्रंथाच्या परंपरेत नामदेवांची ६१ पदे आहेत. गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांचे स्थान आहे, आणि तेथेच २०१५ साली सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. पंढरपूरचा नामा आणि घुमानचा भगत एकच की दोन, अशी शंका काही अभ्यासकांनी घेतलेली आहे. दोन्ही ठिकाणच्या भाविकांना तो प्रश्न पडत नाही, आणि त्यांना तो पडावा असा माझा आग्रहही नाही.

यावर कोणी म्हणेल, की भक्तिपरंपरेत नाव ही मालमत्ता नसतेच. ती अनेकांनी बसावे अशी ओसरी असते. ख्रिश्चन नोव्हेट्झ्के या अमेरिकी अभ्यासकाने नामदेवांवरील २००८ सालच्या ग्रंथात, नामदेव हे एका व्यक्तीइतकेच एका सामूहिक स्मृतीचे नाव कसे झाले, हे विस्ताराने मांडले आहे. मला ते बहुतांशी मान्य आहे. कीर्तनात उभा राहणारा जो कोणी 'नामा म्हणे' असे म्हणून रचना संपवतो, तो चोरी करत नसून शरण जात असतो. परंतु ही उदारता सर्वांना सारखी लाभली नाही, हेही त्याच वेळी सांगितले पाहिजे. जनाबाई स्वतःला 'नामयाची दासी' म्हणवते. तिच्या सहीतच दुसऱ्याचे नाव आहे, आणि तिचे अभंग नामदेवांच्या गाथेत, त्यांच्या परिवाराच्या प्रकरणासोबत छापण्याचा प्रघात आहे. ओसरी मोठी खरी. पण तीवर कोण मध्ये बसले आणि कोणाला उंबऱ्याशी जागा मिळाली, हे पाहणे समीक्षकाचे काम आहे.

दुसरी गोष्ट ठेवलेल्या नावाची. नामदेव लक्ष्मण ढसाळांनी 'नामदेव' हे नाव घेतले नाही. ते त्यांना मिळाले. पुणे जिल्ह्यातील पूर-कानेरसर येथे १९४९ साली जन्मलेल्या त्या मुलाचे नाव त्याच्या घरच्यांनी ठेवले. ते सुचले कोठून, तर ज्या मुलखात वारी गावावरून जाते त्या मुलखाच्या सवयीतून. वारकरी संप्रदायाने हे नाव शिंप्याच्या घरापुरते ठेवले नाही. कुणब्याच्या, महाराच्या, मातंगाच्या ओट्यावरही ते पोचवले. हा सामाजिक इतिहास मोलाचा आहे आणि तो कोणी तपशिलाने लिहिला तर मी आनंदाने वाचेन. पण तो नाव ठेवणाऱ्यांचा इतिहास आहे, नाव धारण करून लिहिणाऱ्याचा नव्हे. पाळण्यात मिळालेल्या नावावरून कवितेचे कूळ ठरवणे म्हणजे बारशाच्या घुगऱ्यांवरून माणसाची पचनशक्ती ठरवण्यासारखे आहे.

'गोलपिठा' १९७२ साली आला. दलित पँथरची स्थापनाही त्याच वर्षीची. त्या संग्रहातील मुंबई, तिच्यातील वेश्यावस्ती, तिची शिवराळ आणि करुण भाषा यांचा उगम शोधायचा तर आंबेडकरी चळवळ, महानगरातील स्थलांतर, साठोत्तरी लघुनियतकालिके आणि ढसाळांचे स्वतःचे जगणे यांत शोधावा लागेल. पंढरीच्या वाटेवर तो सापडणार नाही. संत नामदेवांचा विठ्ठल रुसतो, बोलतो, जेवतो. ढसाळांच्या त्या कवितेत विसावण्यासाठी असा कोणी सखा नाही. आहे तो माणूस, आणि त्याच्या वाट्याला आलेले गटार. या दोन अनुभवांमध्ये नाते असलेच तर ते विरोधाचे असेल, प्रश्नाचे असेल. ते ओळीओळीतून दाखवावे लागेल. एकच नाव दोनदा उच्चारून ते सिद्ध होत नाही.

या रेषेची ओढ आम्हांला का वाटते, याचेही उत्तर दिले पाहिजे. ती सोयीची आहे. 'गोलपिठा'ने मराठी सदभिरुचीला दिलेला धक्का पचवण्याचा हा सर्वांत सभ्य उपाय आहे. बंडखोराला संतांच्या वंशावळीत बसवले, की त्याच्या बंडाला सातशे वर्षांचे वय प्राप्त होते आणि त्याची धार आपोआप बोथट होते. मग तो आमचाच, आमच्या परंपरेतलाच, फक्त थोडा रागावलेला. हा सन्मान नव्हे, हे रीतसर शोषून घेणे आहे.

आणि या शोषणात सर्वांत मोठे नुकसान ढसाळांचे होत नाही. ते नाव मोठे आहे, ते टिकेल. नुकसान होते ते रेषेच्या दोन टोकांमध्ये न मावणाऱ्यांचे. 'नामदेव ते नामदेव' म्हटले की नामदेव कांबळे कोठे जातात? विदर्भातील दलित स्त्रीचे जगणे मांडणाऱ्या त्यांच्या 'राघववेळ'ला १९९५ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. ही कादंबरी आक्रोशाच्या वाटेने जात नाही. म्हणून ती ना संतपरंपरेच्या व्याख्यानात येते, ना विद्रोहाच्या. नामदेव व्हटकर कोठे जातात? तमाशाची कला आणि त्याचे साहित्य यांचा गंभीरपणे विचार करणारे पुस्तक त्यांनी लिहिले, 'कथा माझ्या जन्माची' हे आत्मकथन लिहिले, चित्रपटाच्या क्षेत्रात काम केले. दोन प्रसिद्ध नामदेवांच्या मध्ये हा अभ्यासू नामदेव असा दबून गेला आहे, की पदव्युत्तर वर्गात त्यांचे नाव घेतले तर विद्यार्थी विचारतात, 'ढसाळांचे का?' फार काय, खुद्द ढसाळांचेही गद्य या रेषेत बसत नाही. 'हाडकी हाडवळा' ही त्यांची कादंबरी आणि 'आंधळे शतक'मधील लेखन बाजूला ठेवावे लागते, कारण संतांचा वारस कवीच असला पाहिजे. समान नावाचा नियम असा आहे : जो अधिक प्रसिद्ध, तो कमी प्रसिद्धाला गिळतो.

तिसरी गोष्ट लपवलेल्या नावाची. त्या कपाटात आणखी एक नामदेव होता, पण तो नामदेवांत नव्हता. 'रानातल्या कविता' हे १९६७ सालचे पुस्तक दूर दुसऱ्या फळीवर 'ना.' या अक्षराखाली लावलेले होते. ना. धों. महानोर म्हणजे नामदेव धोंडो महानोर, हे मराठी वाचकांपैकीही अनेकांना चटकन आठवत नाही. आमच्याकडे लेखकाच्या नावाची आद्याक्षरे करण्याची रीत आहे, आणि ती आम्हांला भारदस्त वाटते. परिणाम असा, की ना. सी. फडक्यांचा 'ना.' नारायण, ना. घ. देशपांड्यांचा 'ना.' नागोराव आणि महानोरांचा 'ना.' नामदेव हे आम्ही तोंडपाठ ठेवायचे आणि परप्रांतीय वाचकाने ओळखायचे. गंमत अशी, की 'नामदेव ते नामदेव' ही रेषा आखणाऱ्यांनी महानोरांना तिच्यात कधी ओढले नाही. वस्तुतः शेत, पाऊस, लोकगीताची लय आणि गेयता यांमुळे अभंगपरंपरेशी नाते जोडायचेच, तर 'पळसखेडची गाणी' संकलित करणाऱ्या या कवीशी ते जोडणे अधिक सोपे होते. पण त्यांचे नाव मुखपृष्ठावर दिसत नव्हते, म्हणून नाते सुचले नाही. या एका वगळण्यावरून त्या रेषेचा आधार किती वरवरचा आहे, ते कळते. ती कविता वाचून आखलेली नसून मुखपृष्ठ वाचून आखलेली आहे.

मग आडनावाने लावावे काय? ग्रंथालयशास्त्राचा सर्वसाधारण प्रघात असा, की मध्ययुगीन संतकवी त्यांच्या नावाखाली आणि आधुनिक लेखक आडनावाखाली नोंदवावेत. व्यवहारात तेच ठीक आहे. पण आडनावही निष्पाप नाही. महाराष्ट्रात आडनाव ऐकले की पुष्कळांच्या मनात जातीचा कप्पा उघडतो, आणि 'कांबळे' या नोंदीखाली उभ्या असलेल्या दहा वेगळ्या लेखकांना एकाच कप्प्यात टाकण्याचा मोह समीक्षेलाही झालेला आहे. पहिल्या नावाने खोटी वंशावळ मिळते, आडनावाने खरी-खोटी जात, आणि आद्याक्षरांनी काहीच नाही.

उपाय अवघड नाही, फक्त कष्टाचा आहे. मराठीतील प्रत्येक लेखकाची संपूर्ण नाव, जन्म-मृत्यूची वर्षे, टोपणनावे आणि नाममुद्रा यांसह प्रमाणित नोंद तयार व्हावी. ती प्रत्येक ग्रंथालयाला, महाराष्ट्राबाहेरच्या ग्रंथालयांना तर आधी, उपलब्ध व्हावी. जेथे कर्ता संदिग्ध आहे, तेथे 'संदिग्ध' असे स्वच्छ लिहावे. जनाबाई तिच्या स्वतःच्या नोंदीखाली असावी. हे काम विद्यापीठांच्या मराठी विभागांचे आहे. त्यासाठी एखादे चर्चासत्र कमी झाले तरी चालेल.

आणि समीक्षकांनी एक पथ्य पाळावे. दोन लेखकांमध्ये परंपरेचे नाते सांगायचे असेल, तर त्यांची नावे झाकून ते सांगून पाहावे. नावे झाकल्यावर जे उरते तेवढेच नाते खरे. कदाचित या कसोटीला उतरणारे काही संत नामदेव आणि ढसाळ यांच्यात निघेलही. निघाले तर मी माझे म्हणणे मागे घेईन. आजवर ते कोणी काढून दाखवलेले माझ्या वाचनात नाही.

महानोर २०२३ साली गेले, ढसाळ २०१४ साली. दोघांनाही आता स्वतःचे म्हणणे मांडता येणार नाही. त्यांची पुस्तके आपण कोठे ठेवतो आणि कशी वाचतो, यावरच ते अवलंबून आहे. त्या विद्यार्थिनीला मी अखेर एवढेच सांगितले, की तुमच्या शहरात घर-क्रमांकाआधी सेक्टर विचारतात, तसे मराठी पुस्तकाला विचारावे : हा नामदेव कोणता? तिने वहीत चार नावे लिहून घेतली. मी पाचवे सांगितले, तेव्हा तिने आश्चर्याने वर पाहिले, आणि आम्ही दोघे महानोरांचे पुस्तक शोधायला त्या दुसऱ्या फळीकडे गेलो.