जुनी गाडी नवतप्यात पारखावी

सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला, म्हणजे मे महिन्याची पंचवीस तारीख उलटली, की आमच्या चिमूर तालुक्यात नवतपा लागतो; आणि ज्या नऊ दिवसांत माणसे दुपारी दारे लोटून घेतात व जनावरे कडुनिंबाच्या बुंध्याला चिकटून उभी राहतात, त्याच नऊ दिवसांत भिसी, नेरी आणि शंकरपूरच्या रस्त्यांवर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या जुन्या मोटारी जागोजाग दिसू लागतात. प्रत्येक मोटारीपाशी हातात पाण्याची बाटली घेतलेला एक हताश गृहस्थ असतो, आणि त्याला विचारावे तर तो आकाशाकडे बोट दाखवून ‘ऊनच तसं आहे न जी’ एवढाच खुलासा करतो. या खुलाशाविरुद्ध माझी तक्रार आहे. ऊन गाडी बिघडवीत नाही. डिसेंबरातच गाडीत वस्तीला आलेला दोष ते मे महिन्यात चव्हाट्यावर आणते.

हे म्हणणे साध्या त्रैराशिकाने पटण्यासारखे आहे. इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळ मानाने एक तृतीयांश चाकांच्या कामी येते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून जाते आणि उरलेली इंजिनाभोवती फिरणारे पाणी रेडिएटरपर्यंत वाहून नेते. रेडिएटर ती हवेच्या हवाली करतो, पण किती वेगाने, हे पाण्याच्या व हवेच्या तापमानांतील अंतरावर ठरते. पाणी ९५ अंशांवर आणि डिसेंबरातली सकाळ १५ अंशांवर असेल, तर हे अंतर ८० अंशांचे असते. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ज्या ४७ अंशांसाठी देशभर कुप्रसिद्ध आहेत, तेवढ्या तापलेल्या दुपारी हे अंतर ४८ अंशांवर येते, म्हणजे तोच रेडिएटर पूर्वीच्या जेमतेम साठ टक्के काम करू शकतो. निरोगी गाडीत ही घट गृहीत धरूनच रेडिएटर बसवलेला असतो. परंतु ज्याच्या नळ्या क्षारांनी निम्म्या बुजल्या आहेत, किंवा ज्यातून रोज पेलाभर पाणी गुपचूप निसटते आहे, तो रेडिएटर हिवाळ्यात साळसूदपणे हजेरी लावतो आणि नवतप्यात हात वर करतो.

चार वर्षांपूर्वी, महसूल खात्यातील चाकरीतून निवृत्त झाल्यावर, मीही डिसेंबरातच पंधरा वर्षांची एक लहानशी गाडी विकत घेतली. विकणाऱ्याने ती धुऊनपुसून, टाकीत हिरवेगार कूलंट भरून माझ्या स्वाधीन केली, आणि तापमानाचा काटा पुढील चार महिने मध्याच्या रेषेखाली इतक्या शिस्तीत राहिला, की मी त्याकडे पाहण्याचेही सोडून दिले. मेमध्ये शेजारच्या काकूंना तपासणीसाठी नागपूरला नेत असता, भिसी ओलांडून उमरेडच्या दिशेने थोडे अंतर गेलो तोच काटा लाल पट्टीला जाऊन भिडला. रस्त्यावरच्या एका गॅरेजात कारागिराने आत डोकावून निकाल दिला: ‘पाणी कमी झालं न जी बाबूजी. टाका अन् चला. नाही तर थर्मोस्टॅटचा व्हॉल काढून देतो, गाडी थंडी राहीन.’ व्हॉल काढू दिला नाही, हे माझे शहाणपण. पण पाणी टाकून निघालो आणि पुढे तीन आठवडे रोज सकाळी टाकीतच राहिलो, हा माझा शुद्ध गाढवपणा. शेवटी गॅस्केट जळाले, हेड उतरवून लेथवर फेसिंगला पाठवावे लागले, आणि तेव्हा कळले की मूळ आरोपी पट्ट्यामागे बसलेला वॉटर पंप होता. वेळीच पंप बदलला असता तर जो खर्च आला असता, त्याच्या कित्येक पटींनी मी माझ्या त्या बाटलीची किंमत मोजली.

गाडीचे पाणी बंद वर्तुळात फिरत असते. पेट्रोलसारखे ते खर्च होण्याची काही तजवीजच नाही. म्हणून ते कमी झाले याचा अर्थ कोठूनतरी ते गेले, हा एकच होतो. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्था बेंझ या धाडसी बाईंनी नवऱ्याने बनवलेली तीनचाकी मोटार मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत, म्हणजे सुमारे १०६ किलोमीटर, जवळजवळ चिमूर ते नागपूर एवढी, नेली, तेव्हा त्यांना वाटेत वारंवार पाणी भरावे लागले. कारण त्या यंत्रातले पाणी उकळून वाफ होऊन जावे, हीच त्या काळची थंड करण्याची रीत होती. १९०१ च्या मर्सिडीजवर माइबाख या अभियंत्याने ८,०७० बारीक नळ्यांचा मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला आणि थोड्या पाण्यात मोठे इंजिन थंड ठेवण्याचा मार्ग मोकळा झाला. शंभराहून अधिक वर्षांनंतर जो गृहस्थ डिकीत पाण्याचा कॅन ठेवून निश्चिंत होतो, तो आपल्या गाडीला बेर्थाबाईंच्या काळात परत नेऊन सोडतो.

आमच्या भागाला ही गोष्ट शिकवावी लागू नये. येथे मालगुजारीच्या काळापासूनचे मामा तलाव गावोगावी आहेत, आणि पाळीतून पाणी झिरपू लागले तर तलावात घागरी ओतणारा शेतकरी अद्याप कोणी पाहिलेला नाही. तो पाळीवरून अनवाणी चालत जातो, ओल कोठे आहे ते पायाने चाचपतो आणि पावसाळ्यापूर्वी तेथे माती दाबतो. मोटारीलाही हीच पायपीट हवी. ज्या खात्यात मी आयुष्य काढले तेथे तिला पंचनामा म्हणत, आणि पंचनाम्याचा पहिला शिरस्ता असा की जागा हलवण्यापूर्वी ती पाहावी.

म्हणून गरम गाडीच्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. ते झाकण म्हणजे तलावाचा सांडवा: आतला दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोपर्यंत राखायचा, जास्तीचे पाणी बाजूच्या बाटलीत सोडायचे आणि इंजिन निवले की परत ओढून घ्यायचे. या दाबामुळेच आतले पाणी शंभर अंश ओलांडूनही उकळत नाही. झाकण फिरवताच दाब सुटतो, आणि त्याच क्षणी वाफ झालेले पाणी उघडणाऱ्याच्या तोंडावर येते. रात्रभर थंड झालेल्या गाडीत, सकाळी, बाटलीवरच्या खुणेशी पातळी जुळवावी आणि आठ दिवस ती वहीत लिहावी. ही रोजकीर्द मिस्त्रीच्या तर्कापेक्षा अधिक विश्वासार्ह असते.

घट पडते आहे असे ठरले की गाडीखाली रात्री पांढरा पुठ्ठा पसरावा. पुढच्या टोकाला डाग पडला तर संशय रेडिएटरवर, विशेषतः त्याची प्लास्टिकची टाकी जेथे ॲल्युमिनियमला घडी घालून जोडलेली असते त्या शिवणीवर घ्यावा. पट्ट्याच्या बाजूला पडला तर वॉटर पंपाच्या पोटाखालच्या बारीक भोकावर, कारण सील गेल्याची वर्दी द्यावी म्हणूनच ते ठेवलेले असते. होज पाइपांच्या टोकांशी, क्लिपेभोवती, वाळलेला पांढरा किंवा हिरवट थर दिसला तर पाणी तेथून गरम असताना निघते व वाळून जाते. डाव्या बाजूच्या सीटपुढची चटई चिकट ओली होऊन गाडीत गोडसर वास येत असेल, तर आतला हीटर गळतो आहे. एसीखाली पडणारे स्वच्छ पाणी मात्र निर्दोष असते. त्याला आरोपी करू नये.

पुठ्ठा कोरडा आणि पातळी तरी खाली, अशी स्थिती असेल तर चौकशी आत न्यावी. प्रथम झाकणाचे रबर पाहावे, कारण थोडक्या पैशांचे ते झाकण दाब राखीनासे झाले की निर्दोष इंजिनही उकळते. त्यानंतर सायलेन्सरमधून गाडी तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर, इंजिन चालू करताच बाटलीत उठणारे बुडबुडे, किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर, यांपैकी एक जरी साक्षीदार उभा राहिला तरी हेड गॅस्केटची बाजू कमकुवत समजावी आणि गाडी पुढे न हाकता उचलून न्यावी. गाडी केव्हा तापते हीही एक जबानीच आहे. चिमूरच्या घोडा यात्रेच्या गर्दीत पावलापावलाने सरकताना काटा चढला आणि मोकळ्या रस्त्यावर उतरला तर पंखा तपासावा. मोकळ्या रस्त्यावरच चढला तर बुजलेला रेडिएटर, थकलेला पंप किंवा बंद अवस्थेत अडकलेला थर्मोस्टॅट यांच्याकडे वळावे.

पण होते काय, की या चौकशीऐवजी इलाजच आधी सुरू होतो. रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकून गळती थांबवणारे चालक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या हिकमतीविषयी मला आदरही आहे. सांजवेळी जंगलाच्या रस्त्यावर ती हळद माणसाला घरी पोहोचवते. परंतु जी हळद भोक बुजवते तीच उद्या बारीक नळ्याही बुजवते. व्हॉल काढला की इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते, पेट्रोल जास्त खाते व झिजते. पंखा ‘डायरेक्ट’ करून दिला की तो सदैव फिरतो, आणि त्याचा बिघडलेला स्विच कायमचा दप्तरदाखल होतो. या तिन्ही इलाजांत दोष जागच्या जागी राहतो आणि त्याविरुद्ध बोलणारा साक्षीदार तेवढा गप्प होतो.

आमच्याकडे पाणी गोठत नाही, मग कूलंट हवेच कशाला, असे विचारणारे पुष्कळ आहेत. ग्लायकॉल आणि पाणी निम्मेनिम्मे असले की मिश्रण दाबाखाली सव्वाशे अंशांच्या आसपासही द्रवच राहते. त्यातली रसायने ॲल्युमिनियमला गंजू देत नाहीत. आणि बोअरवेलच्या जड पाण्याचे क्षार नळ्यांत साचत नाहीत, जर मिश्रणासाठी बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी वापरले तर. मात्र हे द्रव्य गोड आणि विषारी आहे. अमेरिकेत बंदिवासात वाढवून रानात सोडलेल्या पहिल्या कॅलिफोर्निया कॉन्डॉर गिधाडांपैकी एक १९९२ मध्ये याच विषाने मेले. ज्या तालुक्यातून ताडोब्याच्या कोलारा प्रवेशद्वाराकडे वाट जाते, तेथे जुने कूलंट गॅरेजपुढच्या नालीत ओतणे हा गाईगुरांचा आणि रानाचा गुन्हा आहे. ते डब्यात भरून ठेवण्याइतकी तसदी प्रत्येकाने घ्यावी.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, गाडी भंगारात द्या. २०२१ पासून केंद्र सरकारचे तसे धोरणही आहे. पण मोठ्या इस्पितळापासून शंभर किलोमीटर दूर राहणाऱ्या कुटुंबाला जुनी गाडी ही हौस नसते. रात्री दोन वाजता सर्पदंशाचा रोगी किंवा अडलेली बाई नेण्याचे ते साधन असते, आणि नवी घेण्याची ऐपत असती तर जुनी घेतलीच नसती. अशा माणसाला सल्ल्यापेक्षा संरक्षण हवे. १९३० च्या मालविक्री कायद्याचे १६ वे कलम, काही अपवाद सोडता, मालाच्या गुणवत्तेची जोखीम घेणाऱ्यावरच टाकते. मोटार वाहन नियमांच्या २०२२ च्या डिसेंबरातील दुरुस्तीने जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना १ एप्रिल २०२३ पासून अधिकारपत्र आवश्यक झाले, हे चांगलेच. तथापि त्याने कागदांची शिस्त लागते, रेडिएटरची नव्हे. मालकी बदलताना फॉर्म २९ आणि ३० भरतात, त्यांच्यासोबत विकणाऱ्याच्या सहीचा एक साधा दाखला जोडावा: गेल्या वर्षात गाडी कधी तापली काय, हेड उतरवले होते काय, पाणी किती दिवसांनी भरावे लागते. खोटे लिहिले तर तोच कागद ग्राहक आयोगापुढे पुरावा होईल. आणि झाकणाच्या जागी लावून हाताने दाब भरण्याचा जो लहानसा पंप येतो, ज्याचा काटा उतरू लागला की गळती पळभरात सिद्ध होते, तो तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी आठवड्यातून एक दिवस लोकांच्या गाड्यांना लावून द्यावा. विद्यार्थ्यांचा हात बसेल आणि गरिबाचे हेड वाचेल.

गेल्या डिसेंबरात माझी गाडी घ्यायला एक तरुण आला. काटा मध्याच्या खाली, कूलंट हिरवेगार. सौदा त्याच दिवशी होण्यासारखा होता. मी त्याला चार वर्षांची पातळीची वही दिली आणि म्हणालो, मे महिन्यात ये, दुपारी दोन वाजता, आणि उमरेडपर्यंत चालवून पाहा. तो मला वेड्यात काढून निघून गेला. वही मात्र घेऊन गेला, आणि आठवड्याने फोन करून त्याने एकच प्रश्न विचारला: ‘बाबूजी, नवतपा यंदा किती तारखेला लागते?’