ऑनलाइन? मग माल नाही!

गेल्या सुट्टीत मी आणि माझी रूममेट मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला गेलो. ज्युनिअर्सना लागणारे सेन्सर, ब्रेडबोर्ड ऑनलाइन विकायचे, असा आमचा प्लॅन! होलसेलवाल्या काकांनी भाव सांगितला, मग विचारलं, "दुकान कुठंय?" "ऑनलाइन." "मग माल नाही!" जीएसटी नंबर होता, रोख पैसे होते, तरीही...

आधी खूप राग आला. पण काकांचीही बाजू आहेच. दुकानदार भाडं भरतो, वर्षभर माल उचलतो. आम्ही दहा रुपये कमी लावले, की तो काकांशीच भांडणार.

कायदा काय म्हणतो? २००२ च्या स्पर्धा कायद्यात अशा नकाराचा उल्लेख आहे. पण त्यानं बाजारातल्या स्पर्धेला मोठी बाधा येत असेल, तरच तो बेकायदा. म्हणजे एकट्या काकांविरुद्ध आमची केस शून्य!

माझं म्हणणं एवढंच, की अटी घाला, दार बंद करू नका. किमान शंभर नग घ्या, उधारी नाही (हा शब्द आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना तिथंच कळला!), माल परत घेणार नाही... आम्ही ऐकू. आज ५,००० चा माल मागणारी मुलगी उद्या ५ लाखांचा मागेल. तेव्हा ती कुठल्या काकांकडे जाईल, तुम्हीच सांगा!