सगळे गाव पाहते, व्यापारीही

नागपूर-अमरावती महामार्गावरच्या कारंजा (घाडगे) परिसरातील संत्रा बागायतदाराने फळगळीचा व्हिडिओ सकाळी समाजमाध्यमावर टाकला, तर दुपारपर्यंत वरुड-काटोलकडच्या बागायतदारांकडून फवारणीचा सल्ला येऊ शकतो. हा लाभ नाकारण्यात अर्थ नाही. पण तोच व्हिडिओ उभ्या बागेचा सौदा करणारा व्यापारीही पाहतो आणि भाव पाडायला त्याला आयते निमित्त मिळते.

धोका फक्त सौद्यापुरता नाही. सारोळा कासारच्या सुमन धामणे यांचा घरगुती स्वयंपाक ‘आपली आजी’ या यूट्यूब चॅनेलमुळे लाखोंपर्यंत पोहोचला. २०२०च्या ऑक्टोबरमध्ये तो चॅनेल हॅक झाला. सुदैवाने काही दिवसांत परत मिळाला. सामान्य कुटुंबाचे दैव एवढे बलवत्तर असेलच असे नाही. शिवाय खाते हॅक न होताही आपणच माहिती उघड करतो: ‘सहकुटुंब पंढरपूरला’ असा प्रवासातला फोटो म्हणजे घराला कुलूप असल्याची दवंडीच. लेकरांच्या गणवेशावरून शाळा कळते, ती वेगळीच.

कायदा आहे ना, असे कोणी म्हणेल. पण २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आपण स्वतःहून जगजाहीर केलेल्या माहितीला लागूच होत नाही. म्हणजे राखण आपली आपणच करायची. सहलीचे फोटो परतल्यावर टाकावेत, मुलांचे शक्यतो टाळावेत, सौदा ठरेपर्यंत बागेबद्दल बोलणे ओळखीच्या गटापुरते ठेवावे. ऑनलाइन आर्थिक फसवणूक झालीच, तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे. ग्रामसभांनी हा विषय एकदा तरी चर्चेला घ्यायला हवा.