ऑप्शनचा खर्च हाही खर्चच

ट्रान्सफर प्रायसिंगवर, म्हणजे संलग्न कंपन्यांमधल्या व्यवहारांची किंमत ठरवण्यावर, बोलणारे एक करतज्ज्ञ ठासून सांगतात की, संलग्न कंपन्यांच्या खर्चवाटप करारात कर्मचाऱ्यांच्या स्टॉक ऑप्शनचा खर्च धरणे हा अन्याय आहे. परस्परांशी संबंध नसलेल्या कंपन्या एकत्र संशोधन करताना एकमेकींच्या ऑप्शनचा भार उचलत नाहीत, मग उपकंपनीने तो का उचलावा? शिवाय ऑप्शन देताना रोकड जात नाही आणि त्याची किंमतही ठरवता येत नाही, असे त्यांचे म्हणणे.

आता अल्टेराचा खटला पाहा. या अमेरिकी चिप कंपनीने १९९७ मध्ये केमन बेटांवरच्या आपल्या उपकंपनीशी करार केला. संशोधनाचा खर्च वाटून घ्यायचा आणि अमेरिका-कॅनडाबाहेरचे हक्क उपकंपनीकडे द्यायचे. ऑप्शन वाटपातून वगळले की त्यांचा सगळा खर्च अमेरिकेत राहतो आणि तिथेच त्याची वजावट मिळते. त्याच संशोधनाचा परदेशातला नफा मात्र केमनला, जिथे प्राप्तिकरच नाही. वजावट मागताना जो खर्च खरा असतो, तो वाटून घ्यायची वेळ आली की खोटा कसा होतो? यावर हे तज्ज्ञ चकार शब्द काढत नाहीत. परक्यांचा दाखलाही लंगडाच. अजून घडायच्या तंत्रज्ञानाचे निम्मे जग कोणती कंपनी परक्याला केवळ खर्चाच्या भावात देते? तसा व्यवहार बाजारात होतच नाही; मग त्यात ऑप्शन कुठून दिसणार? अमूर्त मालमत्तेचा मोबदला तिच्या उत्पन्नाशी सुसंगत असावा, ही अट अमेरिकी कायद्यात १९८६ मध्ये आली ती यासाठीच. ऑप्शन धरा, असे २००३ च्या नियमाने स्पष्ट सांगितले. करन्यायालयाने २०१५ मध्ये तो अवैध ठरवला, अपील न्यायालयाने २०१९ मध्ये उचलून धरला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला.

ऑप्शनची किंमत ठरवण्याची रीत २००३ च्या त्याच नियमात आहे. रोकडीचे पालुपद तर फार जुने. ऑप्शन नफा-तोटा पत्रकात खर्च म्हणून दाखवायलाही असाच कडाडून विरोध झाला होता. आज कंपन्या तो निमूट दाखवतात.

ज्यांच्या बुद्धीतून मालमत्ता घडते, त्यांचा पगार, बोनस आणि ऑप्शन एकाच हिशेबात यावेत. भारतात खर्चवाटपाचे करार २००१ पासून ट्रान्सफर प्रायसिंगच्या कक्षेत आहेत. पण प्रश्न केवळ अशा करारांचा नाही. हिंजवडीतल्या इंजिनिअरला परदेशी मूळ कंपनीचे स्टॉक ऑप्शन मिळतात, आणि इथली कंपनी खर्चावर ठरावीक टक्के नफा लावून तिला बिल पाठवते. त्या बिलातून ऑप्शनचा खर्च गळला, तर इथला करपात्र नफा तेवढा आकसतो. म्हणून ऑप्शनचा उल्लेख ऐच्छिक ‘सेफ हार्बर’ नियमांपुरता न राहता आपल्या सर्वच ट्रान्सफर प्रायसिंग नियमांत नावानिशी हवा.