एक ऑगस्टचा सारा

एक ऑगस्टच्या सकाळी आपल्याकडच्या कुठल्याही जिल्हा परिषद शाळेत डोकावा. व्हरांड्यात टेबल, टेबलावर धुवट चादर, तिच्यावर शेजारी शेजारी दोन तसबिरी. एक लोकमान्य टिळकांची, दुसरी अण्णाभाऊ साठ्यांची. फळ्यावर रंगीत खडूने लिहिलेले असते, ‘पुण्यतिथी व जयंती’. एक मुलगा शेंगांच्या टरफलांची गोष्ट सांगतो, एक मुलगी दीड दिवसाच्या शाळेची. टाळ्या होतात, खाऊ वाटला जातो आणि पहिला तास सुरू होतो.

दोन्ही गोष्टी मुलांना तोंडपाठ असतात. या दोन माणसांचा एकमेकांशी काय संबंध, हे मात्र त्यांना कोणी सांगत नाही.

या दोघांची नुसती तारीखच नव्हे, सालही एक आहे. १ ऑगस्ट १९२० रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, मुंबईच्या सरदारगृहात टिळकांनी देह ठेवला. त्याच दिवशी आजच्या सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावात, मांगवाड्यात, तुकाराम भाऊराव साठे जन्मला. पुढे महाराष्ट्राने त्याला अण्णाभाऊ म्हटले. त्याच दिवशी गांधीजींनी व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांना पत्र लिहून कैसर-ए-हिंद पदक परत केले आणि असहकाराला सुरुवात झाली. टिळकांच्या पार्थिवाला खांदा द्यायलाही ते होते.

याच तारखेला आणखी एक गोष्ट घडते, दरवर्षी आणि न चुकता. महाराष्ट्राचे महसूल वर्ष १ ऑगस्टला सुरू होते आणि ३१ जुलैला संपते. शाळेत हार घातले जात असतात तेव्हा तहसील कचेरीत महसूल दिन साजरा होत असतो.

तारखा जुळतात त्या योगायोगानेच, त्यात दैवी संकेत शोधायचे कारण नाही. पण या योगायोगाच्या तळाशी एक खराखुरा धागा आहे, तो शेतसाऱ्याचा.

१८९६ साली पाऊस गेला आणि दुष्काळ पडला. सरकारच्याच दुष्काळ संहितेत साऱ्याची सूट आणि तहकुबी लिहिलेली होती, पण कुणब्याला ते ठाऊक नव्हते. टिळकांनी ‘केसरी’तून त्या तरतुदी सोप्या मराठीत समजावल्या. ‘सार्वजनिक सभा’ या संस्थेचे प्रचारक खेड्यापाड्यांत गेले. पीक बुडाले असेल तर सारा भरण्यासाठी घरदार विकू नका, कायद्याने मिळणारी सूट मागा, असे ते सांगत फिरले. त्यांतल्या काहींवर सरकारने खटले भरले. सरकारचाच कायदा लोकांना वाचून दाखवणे हा गुन्हा ठरला!

गांधीजींनी १९१८ मध्ये गुजरातच्या खेडा जिल्ह्यात तेच केले. पीक चार आण्यांच्या आत आले तर सारा तहकूब, हा नियम होता. पीक किती आले, यावरच वाद पेटला. सरकारी आणेवारी, म्हणजे पिकाचा आण्यांतला अंदाज, एक सांगत होती, शेतकऱ्याचे खळे दुसरेच.

आता अण्णाभाऊंकडे या. १९५९ साली त्यांची ‘फकिरा’ ही कादंबरी आली, १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. तिच्यातही दुष्काळ आहे. पण त्या वस्तीत सूट मागायला जमीनच नाही. सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून सारा नाही आणि साऱ्याची माफीही नाही. पदरी आहे ती भूक, आणि गुन्हेगार ठरवून सरकारने मागे लावलेली हजेरी. फकिरा धान्य लुटतो आणि उपाशी माणसांच्या घरात पोचवतो.

टिळकांनी ज्याच्या हातात कायदा दिला, तो जमीन कसणारा होता. कायद्याच्या पानावर ज्याचे नावच नव्हते, त्याची गोष्ट अण्णाभाऊंनी लिहिली. टिळकांच्या सामाजिक भूमिकांवर आक्षेप घ्यायला भरपूर जागा आहे, ते जरूर घ्यावेत. पण दुष्काळाचा हा इतिहास टिळकांशिवाय अर्धा आणि अण्णाभाऊंशिवायही अर्धाच.

हा धागा शेताच्या बांधावर संपत नाही. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी वर्षाला एक दिवस या हिशेबाने सहा दिवस संप केला. गावाकडचे शेत पोसेना म्हणून आलेलीच ती माणसे होती. पुढे अण्णाभाऊही वाटेगावाहून वडिलांबरोबर पायी मुंबईला आले, गिरणीत राबले, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहिले आणि लाल बावटा कलापथकातून त्याच कामगारांपुढे डफावर थाप मारून उभे राहिले.

आपण मात्र ही तारीख वाटून घेतली आहे. एका पेठेत एकच तसबीर लागते, एका वस्तीत दुसरीच. शाळेच्या टेबलावर दोघे शेजारी असतात, तेही शासनाच्या परिपत्रकामुळे. माझे म्हणणे एवढेच, की त्या टेबलाजवळ आणखी एक कागद ठेवा : गावाची पैसेवारी.

आणेवारीची आता पैसेवारी झाली. आधी नजर पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम. ती पन्नास पैशांच्या आत की वर, यावर साऱ्याच्या सुटीपासून मुलांच्या परीक्षा शुल्काच्या माफीपर्यंत अनेक सवलती ठरत आल्या. पण गावातल्या किती जणांना आपल्या गावाचा आकडा ठाऊक असतो? १८९६ च्या शेतकऱ्याला संहिता ठाऊक नव्हती, आणि आजच्याला आपला आकडा ठाऊक नसतो.

म्हणून शिक्षकांना विनंती आहे. या एक ऑगस्टला भाषणे दोनच ठेवा आणि उरलेल्या वेळात सातवी-आठवीच्या मुलांना तलाठी कार्यालयात घेऊन जा. गेल्या वर्षीची आपल्या गावाची पैसेवारी किती होती, हे त्यांना स्वतः विचारू द्या. ज्यांच्या घरी सातबारा नाही त्यांना दुष्काळात काय मिळते, हेही विचारू द्या. पहिला प्रश्न टिळकांचा आहे, दुसरा अण्णाभाऊंचा. मिळालेली उत्तरे मुलांनी परत येऊन त्याच फळ्यावर, ‘पुण्यतिथी व जयंती’च्या खाली लिहावीत.