यादीचे राखणदार

२७ ऑक्टोबर २०२५ रोजी भारतीय निवडणूक आयोगाने बारा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील मतदार याद्यांच्या विशेष सखोल पुनरीक्षणाची घोषणा केली. त्या बारांत गोवाही होता. ४ नोव्हेंबरपासून गणना-अर्ज घेऊन कर्मचारी वाड्यावाड्यांवरून फिरू लागले आणि या उपक्रमामागील हेतूविषयी देशभर जो वाद झडला तो वाचकांस ठाऊकच आहे. त्या वादात आम्हांस येथे शिरावयाचे नाही. हेतू कसाही असो, यादी अखेर कोणाच्या तरी हातांनी तयार होते. ते हात कोणाचे, त्यांना ते काम कोणी शिकविले आणि उद्या ते त्याच जागी असतील काय, हे प्रश्न मात्र कोणत्याच पक्षाच्या व्यासपीठावरून विचारले गेल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

घरोघर फिरणारा हा माणूस म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, लोकांच्या तोंडी 'बीएलओ'. नावात 'अधिकारी' असला तरी तो बहुधा प्राथमिक शिक्षक, अंगणवाडी सेविका किंवा एखाद्या खात्यातील कारकून असतो. आपले मूळ काम सांभाळून त्याने हे करावयाचे. शिक्षकांना यादीचे काम द्यावयाचे तर ते सुटीच्या दिवशी व अध्यापनाच्या वेळेबाहेर द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली सांगितले होते; म्हणजे शाळा सुटल्यावर त्याने दारोदार फिरावे. त्याचे वार्षिक मानधन ६,००० रुपये होते, ते २०२५ साली १२,००० करण्यात आले. महिन्याला हजार रुपये! उलटपक्षी, कर्तव्यात कसूर झाल्यास १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ३२ व्या कलमाखाली तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. पुनरीक्षणाच्या त्या आठवड्यांत काही राज्यांतून अशा कर्मचाऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि ४ डिसेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला राज्य सरकारांस सांगावे लागले की, या लोकांचा भार हलका करण्यासाठी अधिक माणसे द्या. ज्या कामासाठी माणसे पुरविण्याचा आदेश न्यायालयाला द्यावा लागतो, ते काम सरकारने आजवर किती गांभीर्याने घेतले असेल, हे निराळे सांगावयास नको.

बीएलओ निदान लोकांच्या दृष्टीस पडतो. त्याच्यामागे कचेरीत बसून यादी सांभाळणारी निवडणूक शाखा मात्र कोणासच दिसत नाही. नाव घालण्यासाठी नमुना ६, नाव घालण्यास हरकत घेण्यासाठी किंवा काढण्यासाठी नमुना ७, दुरुस्तीसाठी वा पत्ता बदलण्यासाठी नमुना ८, परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकासाठी ६-अ. हे कागद या टेबलावर येतात. प्रत्येकाची संगणकावर नोंद, प्रत्यक्ष जागी चौकशी, हरकत असल्यास नोटीस व सुनावणी, मग निर्णय. एकाच माणसाचे नाव दोन ठिकाणी असल्याचा संशय आला तर कोणते ठेवावे याचा शोध. निवडणूक लागली की टपाली मतपत्रिका, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, यंत्रांची तपासणी हे सारे त्यावर आणखी. मताची कागदी पावती दाखविणारे यंत्र ४ फेब्रुवारी २०१७ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यातील सर्व ४० मतदारसंघांत वापरणारे गोवा हे पहिले राज्य ठरले, याचा आपण अभिमान सांगतो. पण ते हजारो कर्मचाऱ्यांना शिकवावे लागले होते, हे कोणाच्या लक्षातही राहिले नाही.

पूर्वी हे काम मोसमी होते असे म्हणता येई. १ जानेवारी ही एकच पात्रता-तारीख असे. त्या दिवशी वयाची अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांची नोंद झाली की वर्ष भागत असे. १ ऑगस्ट २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर अशा चार तारखा कायद्याने आल्या. सुधारणा उत्तमच होती. तथापि काम बारमाही झाले आणि माणसे मोसमीच राहिली. महसूल खात्यातून आलेला कारकून दोन-तीन वर्षे यादी शिकतो, हात बसू लागतो न लागतो तोच त्याची बदली होते आणि त्याच्या जागी नमुना ७ आणि नमुना ८ यांतील फरक विचारणारा नवा माणूस येऊन बसतो. त्याचा दोष तो काय?

गोव्यात तर या कामाला इतर प्रांतांत नसलेली एक अडचण आहे. येथील वडीलधाऱ्यांचे जन्मदाखले पोर्तुगीज काळातील. त्या लेखनपद्धतीत 'शंकर' हे नाव एक्स या अक्षराने सुरू होते आणि 'नाईक' या आडनावाच्या शेवटी क्यू, यू, ई अशी तीन अक्षरे येतात. मुक्तीनंतर तीच माणसे शाळेत, बँकेत, शिधापत्रिकेवर इंग्रजी वळणाने स्वतःला लिहू लागली. बापाच्या दाखल्यावर एक आडनाव आणि मुलाच्या दाखल्यावर दुसरे, असे कुटुंब शोधण्यास फार लांब जावे लागत नाही. त्यात आमच्या हिंदू घरांतून लग्नानंतर मुलीचे आडनावच नव्हे, तर पाळण्यातले नावही बदलण्याची रीत. माहेरची शांता सासरी सुलभा झाली, चाळीस वर्षे सुलभा म्हणूनच जगली. आता पुनरीक्षणात तिचे नाते सुमारे दोन तपांपूर्वीच्या यादीशी जुळवावयाचे, तर एकीकडे शांता, दुसरीकडे सुलभा आणि मध्ये वडिलांचे एक्सने सुरू होणारे नाव. संगणकाला ती तीन निराळी माणसे दिसतात. त्यांत एकच बाई आहे हे ओळखावयास गावची, भाषेची आणि जुन्या लेखनाची जाण असलेला माणूसच लागतो.

एका तालुक्याच्या ठिकाणी असा एक कारकून आमच्या परिचयाचा होता. त्याने आपल्या समजुतीसाठी एक वही घातली होती. डाव्या बाजूस दाखल्यातील नाव, उजव्या बाजूस यादीतील. कोणत्या वाड्यावर मुंडकारांची घरे घरक्रमांकावाचून आहेत, कोणत्या बंद घराचे मालक मुंबईस असून चतुर्थीपुरते येतात, कोणते कायमचे गेले, याच्याही टिपा. अर्ज फेटाळण्यापूर्वी तो वही उघडीत असे. कितीतरी म्हाताऱ्यांना त्यामुळे कचेरीचा दुसरा हेलपाटा घालावा लागला नाही.

नावांचा हा घोळ क्षुल्लक समजण्याचे कारण नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढेच सांगून स्वतःचे नाव न देणाऱ्या सुमारे २८ लाख स्त्रिया यादीबाहेर राहिल्या होत्या. तेव्हा गोवा पारतंत्र्यात होता. पुढे १६ जानेवारी १९६७ रोजी आपल्याकडे जनमत कौल झाला. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरुद्ध १,७२,१९१ मते पडली. तो निकाल कित्येकांना गोड लागला, कित्येकांना फार कडू लागला. पण या भूमीचे भवितव्य त्या कौलाने ठरले, आणि त्या कौलाचा हक्क कोणाला हे यादीने ठरविले होते. अलीकडचे पाहावयाचे तर २०२२ च्या विधानसभा निवडणुकीत सांत आंद्रेचा निकाल ७६ मतांनी लागला, साखळीचा ६६६ आणि पणजीचा ७१६ मतांनी. ७६ मते म्हणजे एखाद्या लहान वाड्याची मते. तेवढी नावे चुकून गळणे वा चुकून राहणे ही कारकुनी बाब म्हणावयाची काय?

या संदर्भात अमेरिकेचे उदाहरण विचारात घेण्यासारखे आहे. तेथे निवडणुका भरविण्याचे काम बव्हंशी काउंटी या स्थानिक घटकाकडे असते. मोठ्या काउंट्यांच्या निवडणूक कार्यालयांत 'प्रोग्राम स्पेशॅलिस्ट' अशा हुद्द्याची कायम माणसे असतात. मतदार नोंदणी, टपाली मतपत्रिका, केंद्रांवरील कर्मचाऱ्यांचे शिक्षण यांपैकी एखादे अंग हेच त्यांचे वर्षभराचे काम. त्या देशाची सारीच व्यवस्था अनुकरणीय आहे असे नव्हे. तेथे निवडणूक चालविणारे वरिष्ठ अधिकारी पुष्कळ ठिकाणी पक्षाच्या तिकिटावर निवडून येतात. त्यापेक्षा आपला घटनात्मक आयोग शतपटीने बरा. कर्मचाऱ्यांची बदनामीही तेथे थोडी होत नाही. २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर जॉर्जिया राज्यातील फुल्टन काउंटीत मतमोजणी करणाऱ्या मायलेकींवर लबाडीचा आरोप झाला, धमक्यांनी त्यांचे जिणे नकोसे झाले. चौकशीत आरोप खोटा ठरला आणि डिसेंबर २०२३ मध्ये ज्यूरीने त्यांना सुमारे १४ कोटी ८० लाख डॉलरची भरपाई देवविली. आमच्या बीएलओला 'तू अमक्या पक्षाचा' म्हणून अंगणातून हाकलून दिले, तर त्याच्या पाठीशी कोण उभे राहणार आहे?

आमची मागणी अवाजवी नाही. प्रत्येक मतदारसंघाच्या नोंदणी कार्यालयात निदान दोन माणसे कायमची, याच कामाची, याच कामात बढती मिळणारी असावीत. त्यांपैकी एकाला पोर्तुगीज काळातील दाखले वाचता यावेत. बीएलओ त्यांच्या हाताखाली शिकावा आणि पुनरीक्षणाच्या काळात त्याला मूळ कामातून खरोखर मोकळीक मिळावी. यावर खर्चाचा आक्षेप येईल. ४० मतदारसंघांचे हे चिमुकले राज्य. दोनाप्रमाणे ८० पदे होतात. सोहळे, जाहिराती आणि महामंडळांच्या अध्यक्षांच्या मोटारी यांवर हात सैल सोडणाऱ्या सरकारने एवढ्या ८० पदांसाठी तिजोरीकडे बोट दाखवावे, हे आम्हांस पटणारे नाही. शिवाय माणसे नव्याने शोधावयासही नकोत. आज वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेले, यादीचे काम एकदा मनापासून केलेले कर्मचारी हुडकून त्यांना विचारले तरी निम्मी पदे भरतील.

ज्याची वही आम्ही वर सांगितली त्या कारकुनाची मात्र दुसऱ्या खात्यात बदली झाली. जाताना त्याने ती वही आपल्या जागी आलेल्या माणसाच्या हाती दिली. हिचे काय करावयाचे असे त्याने विचारले, तेव्हा ती सरकारी दप्तरात मोडत नसल्याने तिची पोच कोठे लिहावी हे दोघांनाही कळेना. ती अजून त्या टेबलाच्या खणात आहे, असे आम्ही ऐकतो.