जुन्या वाड्याचें सागवान आणि नव्या घराची जमीन

गेल्या कांहीं महिन्यांत आमच्याकडे आलेल्या पत्रांपैकीं तीन पत्रें एकाच विषयाचीं आहेत, म्हणून या वेळीं त्यांचा एकत्र विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. तिन्ही कुटुंबें पुण्याच्या जुन्या पेठांतलीं. तिघांचेहि वाडे पडून त्या जागीं मजल्यांच्या इमारती उभ्या राहावयाच्या आहेत, आणि तिघांचाहि प्रश्न असा कीं, माडीच्या तुळया मोडींत घालण्यापेक्षां त्यांच्याच फळ्या करून त्या नव्या घरांत जमिनीवर बसवितां येतील काय? एका घरीं आजी नव्वदीला टेंकल्या आहेत; गुळगुळीत फरशीवर पाऊल टाकण्याची त्यांना धास्ती वाटते, आणि पौषांत त्यांचे पाय दिवसभर गार असतात. दुसऱ्या घरीं चार चुलतभावांत याच लाकडावरून अबोला धरला गेला आहे. तिसऱ्या घरच्या सूनबाईंनीं मात्र सरळच विचारलें आहे कीं, हौस खरी, पण ही जमीन रोज पुसावयाची कोणीं आणि कशी?

शेवटचा प्रश्न आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून आधीं तोच घेतों. आपल्याकडे जमीन स्वच्छ झाली म्हणजे ती ओली झाली, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. वाड्यांतल्या माडीवर देखील पाय थेट लाकडावर पडत नसे. तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट, पाटांवर मातीचा जाड थर आणि त्यावर शेणाचें सारवण, अशी ती रचना होती. लाकूड दिसे तें खालच्या माणसाला, छताच्या रूपानें. उघड्या फळ्यांवर वावरण्याचा अनुभव आला तो मुंबईच्या जुन्या चाळींतल्या बिऱ्हाडांना. तेथें वरच्या बाईनें केर काढला कीं खालच्याच्या चहांत धूळ पडे, हें त्या चाळींत राहिलेल्या वडील माणसांस विचारावें. सारांश, लाकडी जमीन ही आपल्या संवयींना अनोळखी वस्तु आहे. ज्या घरांत बादलीभर पाणी घेऊन पुसल्यावांचून चैन पडत नाहीं, त्या घरानें या भानगडींत पडूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. लाकडाला मऊ कुंचा पुरतो; फडकें लावावयाचेंच तर इतकें पिळलेलें असावें कीं त्याची ओल मिनिटभरांत उडून जावी. कामाला येणाऱ्या बाईंना हें पहिल्याच दिवशीं नीट समजावून द्यावें. न सांगतां मग त्यांना बोल लावणें अन्यायाचें आहे. उलटपक्षीं आपली एक चाल या जमिनीच्या फारच उपयोगाची आहे. चपला दाराबाहेर राहतात. लाकडाचें पॉलिश झिजवितात ते पायांखालचे वाळूचे कण, आणि ते आपल्याकडे उंबरठ्यापलीकडेच थांबतात.

पाण्याचें एवढें स्तोम आम्ही कां माजवितों, तें सांगितलें पाहिजे. लाकूड तोडून शंभर वर्षें लोटलीं तरी तें हवेंतला ओलावा घेतें आणि सोडतें. हवेची सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असली तर लाकडांतला ओलावा सुमारें ६ टक्क्यांवर येऊन ठरतो. ती ५० असली तर ९ वर, आणि ८० असली तर १६ वर. पुण्यांत वैशाखांतली दुपार पहिल्या आंकड्याजवळची आणि श्रावणांतला दिवस तिसऱ्या आंकड्याजवळचा. घरांत बसविलेली फळी दोन्ही टोकें गांठीत नाहीं. ती ८ पासून १४ पर्यंत हलते असें धरूं. तेवढ्यानें सहा इंच रुंदीची सागवानी फळी पावणेदोन मिलिमीटरांनीं रुंदावते. एका फळीचें हें कांहींच नव्हे. पण बारा फूट रुंदीच्या खोलींत अशा फळ्या कडेला कड लावून बसविल्या, तर हिशेबानें ही वाढ पावणेदोन इंचांच्या घरांत जाते. भिंती तर मागें सरत नाहींत! मग जमीनच कमानीसारखी वर उचलते. परदेशांतून येणारें ओकचें लाकूड दिसावयास सुरेख असतें, परंतु त्याची हीच हालचाल सागाच्या जवळजवळ दुप्पट आहे. सागाची खरी थोरवी त्याच्या कठीणपणांत नसून या स्थैर्यांत आहे. निव्वळ टणकपणांत ओक त्याच्या पुढें आहे.

येथें एक भ्रम दूर केला पाहिजे. जुनें लाकूड 'मेलेलें' असतें, तें आतां हलावयाचें नाहीं, असें पुष्कळ जण सांगतात. हें खरें नाहीं. जुनी तुळई आंतपर्यंत वाळलेली असते, हा तिचा मोठा गुण. पण तिची फळी केली कीं ती पुन्हां ऋतूंबरोबर फुगणार आणि आकसणार. ही हालचाल कमी करण्याचा उपाय कापणीत आहे. फळीच्या टोकाकडे पाहावें. वलयांच्या रेघा उभ्या दिसल्या तर ती फळी कमी हलते, आडव्या निजलेल्या दिसल्या तर दुपटीहून अधिक. अख्खा ओंडका चौरसून केलेल्या तुळईच्या मधल्या फळ्या बहुधा उभ्या वलयांच्या निघतात. तेवढ्या वेगळ्या काढून जमिनीला घ्याव्या, आणि अगदीं मधली, गाभ्याच्या केंद्राची तडकलेली पट्टी टाकून द्यावी. फळीची रुंदी तीन इंचांहून अधिक ठेवूं नये. रुंद फळ्यांची मिजास मोठी असते, पण उन्हाळ्यांत त्यांच्यामधल्या फटीहि तितक्याच मोठ्या दिसतात.

तुळई सागाचीच आहे ना, हेंहि पाहिलें पाहिजे. वाड्यांत सगळेंच सागवान असतें असें नाहीं. ऐन, किंजळ, हेद हींहि लाकडें जेथें मिळालीं तेथें वापरलेलीं आढळतात. एक कोपरा रंध्यानें तासून पाहावा. साग असेल तर सोनेरी-तपकिरी रंग उघडा पडतो, कातड्यासारखा ओळखीचा वास येतो आणि बोटाला किंचित्‌ तेलकटपणा लागतो. ऐन सागाहून पुष्कळच जड असतो. दोन माणसांनीं उचलतांच फरक कळतो. वाळवी सागाला लागत नाहीं म्हणतात तें गाभ्याच्या लाकडापुरतें खरें. बाहेरचें पांढरट लाकूड वाळवीहि खाते आणि भुंगाहि पोखरतो. तें निर्दयपणें कापून टाकावें.

आतां त्या चार भावांविषयीं. लाकूड किती निघेल याचा अंदाज नसल्यामुळें भांडणें वाढतात, असें आम्हांस वाटतें. दहा फूट लांब व आठ इंच चौरस अशी तुळई घेतली, तर तिच्या एक इंची फळ्या सहा निघतील, म्हणजे चाळीस चौरस फूट. त्यांतून खिळ्यांचीं भोकें, सांध्यांच्या खाचा, भेगा आणि रंध्याचा भुगा वजा जातां पंचवीस चौरस फूट हातीं लागले तरी समाधान मानावें. म्हणजे बारा फूट लांब व दहा फूट रुंद अशा एका खोलीला अशा पांच तुळया लागतात. सबंध घराची जमीन कोणाच्याच वांट्याला येत नाहीं, तेव्हां ज्या घरीं वृद्ध माणूस आहे त्या घरच्या एका खोलीला प्रथम द्यावें, आणि उरलेलें वांटून घ्यावें. कडीपाटाचे पाट या हिशेबांत धरूं नयेत. ते पातळ असतात, मातीखालीं एका बाजूनें खराब झालेले असतात, फळ्या-मांडण्यांना मात्र चांगले.

परंतु वाटणी करण्यापूर्वीं तें लाकूड आपलें आहे काय, हें पाहा! पुनर्विकासाच्या करारांत पाडलेल्या इमारतीचें सामान बांधणाऱ्याच्या मालकीचें होईल, असें कलम पुष्कळदां असतें, आणि सही करतांना त्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. पाडणारी माणसें दारांत आल्यावर मग धांवाधांव होते. सही करण्यापूर्वीं तुळया मोजून, त्यांवर खडूनें आंकडे घालून, तेवढ्या आमच्या राहतील असें करारांत लिहवून घ्यावें. पाडतेवेळीं त्या उतरवून लागलीच छपराखालीं, जमिनीपासून उंच रचाव्या. पावसांत चार महिने उघड्यावर पडलेल्या तुळईचा शंभर वर्षांचा वाळलेपणा वायां जातो. खिळे उपटण्याचें काम फार कंटाळ्याचें आहे; डोळ्यांनीं न दिसणारे खिळे लोहचुंबक फिरवून शोधावे लागतात. एक खिळा राहिला तरी करवतीचें पातें जातें, म्हणून कित्येक वखारवाले जुनें लाकूड कापावयास घेतच नाहींत. आधीं विचारून ठेवावें.

ज्यांच्याकडे वाडा नाहीं त्यांनीं भवानी पेठेच्या टिंबर मार्केटांत किंवा आपल्या गांवच्या जुन्या लाकडाच्या वखारींत शोध करावा. नवें सागवान घेणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, ब्रह्मदेशानें, म्हणजे आतांच्या म्यानमारनें, १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. घाना, इक्वाडोर, कोस्टारिका येथील लागवडीचा सागहि आपल्याकडे येतो. तो कोवळ्या झाडांचा असला तर त्यांत पांढरट लाकडाचा भाग अधिक असतो. थर चिकटवून केलेल्या फळ्याहि मिळतात; त्यांचे खालचे थर एकमेकांना आडवे असल्यामुळें त्या कमी हलतात, आणि मुंबईच्या दमट हवेंत, त्यांतून रात्रीं हवा थंड करण्याचें यंत्र चालणाऱ्या खोलींत, आम्ही अखंड फळीपेक्षां त्यांनाच पसंती देऊं. मात्र वरचा खरा लाकडाचा थर तीन-चार मिलिमीटरांचा असावा, म्हणजे पुढें एक-दोनदां तासून नवा करतां येतो. कागदासारखा पातळ थर असला तर पहिल्याच तासणींत तो संपतो. लॅमिनेट म्हणून जें विकतात त्याच्या वर लाकडाचें केवळ चित्र असतें. तें स्वस्त आहे, पण त्याला लाकूड म्हणूं नये.

बसविण्याच्या बाबतींत सर्वांत आधीं उंचीचा विचार करावा, कारण तो नंतर करतां येत नाहीं. फळी आणि तिच्या खालचा प्लाय मिळून सव्वा इंचाची जाडी होते. फरशी घातल्यावर तिच्यावर हें बसविलें तर दाराशीं तेवढी पायरी तयार होते, आणि ज्या आजींसाठीं हा खटाटोप, त्यांनाच तेथें ठेंच लागते. म्हणून त्या खोलींत फरशी घालूंच नये. खालचा गिलावा असा धरावयास सांगावा कीं, फळी आणि बाहेरची फरशी एका पातळींत येतील. नवा स्लॅब व गिलावा वाळावयास महिने लागतात. दोन फुटी चौरस प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर चारी कडांनीं चिकटवून दोन-तीन दिवस ठेवावा. खालच्या अंगाला दंव दिसलें, किंवा जमीन काळवंडली, तर थांबावें. तळमजल्यावर, मोरीला लागून असलेल्या खोलींत, स्वयंपाकघरांत व देवघरांत लाकूड नको. अभिषेकाचें पाणी आणि समईचें तेल यांवर रोज पहारा ठेवणें कोणालाहि शक्य नाहीं.

मुहूर्त पाहावयाचा तर हवेचा पाहावा. वैशाखांत घट्ट बसविलेली जमीन श्रावणांत फुगते. श्रावणांत बसविलेली चैत्रांत फटी दाखविते. कार्तिक-मार्गशीर्ष उत्तम. फळ्या त्याच खोलींत, मध्यें काठ्या घालून, दोन आठवडे रचून ठेवाव्या. ओलावा मोजण्याचें लहान यंत्र हल्लीं सुताराकडे असतें; फळी ९ ते ११ टक्क्यांच्या दरम्यान असावी, आणि फळी व खालचा प्लाय यांच्यांत दोन टक्क्यांहून अधिक अंतर नसावें. सुतार घाई करील; करूं देऊं नये. एका फळीच्या कडेला जीभ व दुसरीच्या कडेला खाच करून, जिभेंतून तिरपा खिळा मारला म्हणजे तो दिसत नाहीं व फळीला थोडी मोकळीकहि राहते. शेजारच्या ओळींतले सांधे एकापुढें एक येऊं देऊं नयेत. भिंतीलगत चारी बाजूंनीं अर्धा इंच मोकळी जागा सोडावी; ती भिंतीच्या तळच्या पट्टीखालीं झांकली जाते. ही फट 'वाईट दिसते' म्हणून बुजविणारे कारागीर आम्हीं पाहिले आहेत. ती बुजविली तर वर सांगितलेली कमान ठरलेली.

पॉलिश चपड्याचें नको, पाण्याचा थेंब पडला कीं त्यावर पांढरा डाग उमटतो. पॉलियुरेथेनचा लेप टिकाऊ खरा, पण त्याला ओरखडे पडले तर सबंध खोली तासावी लागते. तेल-मेणाचें पॉलिश वर्षां-दोन वर्षांनीं पुन्हां चोळावें लागतें, मात्र खराब झाला तेवढाच भाग दुरुस्त होतो. हळदीकुंकवाच्या घरीं हळदीचे डाग पडणारच, तेव्हां हें सोयीचें. दोन्हींतहि आरशासारखी चकाकी घेऊं नये. आजींना पाय घसरण्याची भीति फरशीवर वाटते तशीच ती चकचकीत लाकडावरहि वाटेल, आणि पायमोजे घातले असतील तर ती भीति खरीहि ठरेल. ऊब मात्र नक्की मिळेल: दगड पायांतली उष्णता जितक्या झपाट्यानें ओढून घेतो, तितकी लाकूड घेत नाहीं.

उरलेल्या फळ्यांपैकीं आठ-दहा तरी दुरुस्तीसाठीं राखून ठेवाव्या, आणि त्याहि त्याच खोलींत, पलंगाखालीं आडव्या. न्हाणीघरावरच्या माळ्यावर टाकल्या तर लागतील तेव्हां त्या बसावयाच्या नाहींत.